पाच बिऱ्हाडांचं रक्त

दवाखान्याच्या बाकावर मला बसवत नाही. बरोबरची माणसं बसतात, पेपर वाचतात, डबा उघडतात. मी जिन्यापर्यंत जातो, परत येतो, ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा बघतो आणि पुन्हा जिन्याकडे निघतो. साध्या मोतीबिंदूचं ऑपरेशन असलं तरी हेच. बायको म्हणते, "तुमच्या येरझाऱ्या बघून पेशंटच घाबरंल." तिला कारण माहीत आहे, तरी म्हणते.

आमचं गाव कोल्हापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं. घरात कानडी, दुकानात मराठी आणि भांडताना दोन्ही, अशी आमची भाषा. आम्ही शैव, धंदा कापडाचा आणि तेलाचा. आमच्यात एक हकिकत पोरासोरांनाही पाठ असायची. फार पूर्वी कृष्णेच्या पलीकडून पाच बिऱ्हाडं बैलांवर कापडाचे गठ्ठे लादून आली आणि या गावात राहिली. का आली ते कुणालाच धड सांगता येत नसे. कुणी दुष्काळ म्हणे, कुणी पटकीची साथ, कुणी भाऊबंदकी. त्या पाचांची माझ्या लहानपणी साठेक घरं झाली होती. निम्मी गावात, बाकीची कोल्हापुरात, एखाद-दुसरं गारगोटीला.

सोयरीक मात्र त्यातल्या त्यातच. मामाची मुलगी करायची, नाहीतर आत्याच्या मुलाला द्यायची, आणि ते जमत नसेल तर आणखी दोन घरं पलीकडे बघायचं. त्याच्या पलीकडे कुणी जात नसे. आमच्या लग्नात नवरीकडचे कोण आणि नवऱ्याकडचे कोण, हे बाहेरच्या पाहुण्याला कळायचं नाही, कारण ती सगळी तीच माणसं. माझी आई एकाच लग्नात सकाळी नवरीची मावशी असायची आणि दुपारी नवऱ्याची आत्या. आम्हाला त्याचा अभिमान होता. "आपलं आपल्यात हाय" असं आमची म्हातारी माणसं म्हणायची तेव्हा त्यांच्या आवाजात देवळात असल्यासारखं काहीतरी यायचं.

वडिलांच्या धाकट्या भावाला आम्ही चिक्कप्पा म्हणायचो, त्यांच्या बायकोला चिक्कव्वा. त्यांना एकच मुलगी. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणायची. आमच्यात दुचाकी चालवणारी ती पहिली मुलगी. चिक्कप्पांची लुना ती न विचारता घेऊन जायची, आणि मला लुना तिनंच शिकवली. मी शिकवतोय असं गावाला दाखवायचं आणि प्रत्यक्षात मागं बसून ती ओरडायची, "अण्णा, ब्रेक! ब्रेक म्हंजी डाव्या हाताचा न्हवं!" विनोद सांगताना तो संपायच्या आधीच तिला हसू फुटायचं, त्यामुळे तिचा एकही विनोद आम्हाला पुरा कळलेला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी नुकताच गारगोटीच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. शनिवारी सकाळची शाळा होती. हेडमास्तरांच्या खोलीत फोन आला, की तिच्या पोटात दोन दिवस दुखत होतं, अपेंडिक्स आहे, आज ऑपरेशन. मी मिळेल त्या गाडीनं तालुक्याच्या गावी पोचलो. तिथं एका तरुण सर्जननं आठ खाटांचा दवाखाना काढला होता. नवरा डॉक्टर, बायको डॉक्टर. शहरातून भूल देणारे डॉक्टर वेळेवर मिळाले नाहीत तर भूलही तोच द्यायचा. त्या काळी लहान गावात असं चालायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

मी पोचलो तेव्हा ती आत गेलेली होती. आमची तीस-चाळीस माणसं अंगणात. एकाचं दुखलं की सगळी गोळा व्हायची, तशीच आमची रीत. पाऊण तासानं कंपाउंडर बाहेर आला आणि म्हणाला, "झालं. चांगलं झालं ऑपरेशन." चिक्कव्वानं हात जोडले. कुणीतरी चहा सांगितला.

मग अर्धा तास गेला. मग एक तास. दार बंदच. कंपाउंडर पळत बाहेर जाऊन ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आला, पण काही बोलला नाही. डॉक्टरची बायको एकदा व्हरांड्यात आली आणि आमच्याकडे बघून पुन्हा आत गेली. कुणी काही सांगेना. आमच्यातला एकजण मागच्या बाजूनं विटांवर चढला आणि खिडकीच्या फटीतून आत बघून आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"पोरगी हलंना झालीया," तो म्हणाला. "डोळं मिटल्यात. आन् डाक्टर तिचं तोंड दाबायलाय."

"तोंड दाबायलाय म्हंजी?" चिक्कप्पांनी विचारलं.

"मुस्काटावर कायतरी ठेवून दाबायलाय. मेलीया ती. आत लपवायल्यात."

चिक्कप्पा उठले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस. "फोडा दार," ते म्हणाले.

पहिला खांदा माझा होता. तिसऱ्या धक्क्याला कडी तुटली. मी आत गेलो तेव्हा डॉक्टर माझ्याकडे पाठ करून टेबलाच्या डोक्याशी उभा होता. मी त्याची कॉलर मागून धरली आणि त्याला ओढलं. त्यानं वळून बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी काहीतरी धरून ठेवलं होतं ते सोडेना, म्हणून मी आणखी जोरात ओढलं. तो ओरडत होता. काय ओरडत होता ते गोंधळात कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला कळून घ्यायचंही नव्हतं. त्याला आम्ही अंगणात आणला. मारलं. काचा फोडल्या, औषधांचं कपाट पालथं केलं. त्याच्या बायकोनं स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं. पाच-दहा मिनिटांनी बायका आत गेल्या, आणि चिक्कव्वाची किंकाळी ऐकू आली. ओठ काळेनिळे पडलेले. अंग अजून कोमट होतं. ते कोमट अंग बघूनही आमच्यातल्या एकालाही वेगळी शंका आली नाही.

पोलीस आले, पंचनामे झाले, दोन्ही बाजूंच्या तक्रारी झाल्या आणि काही वर्षांनी थंडावल्या. डॉक्टर त्याआधीच गाव सोडून गेला. आमच्या साठ घरांत मात्र वाक्य एकच राहिलं, "डाक्टरनं मारली." मीही ते शाळेत, लग्नात, एसटीत शेजारी बसलेल्या पाहुण्यालाही सांगितलं असेल.

दहाएक वर्षं गेली. माझी सख्खी धाकटी बहीण मामाच्या मुलाला दिली होती. तो वारणानगरच्या दूधसंघात नोकरीला, राहायला तिथल्याच कॉलनीत. तिच्या पहिल्या बाळंतपणात बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून तिला जीपमधून कोल्हापूरला आणलं आणि पोचताच सिझेरियनला घेतलं. सकाळचे नऊ वाजले असतील. पंधरा-वीस मिनिटांत बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी. माझा मेहुणा तिथंच भिंतीला टेकून रडला.

बहीण मात्र बाहेर येईना. दहा वाजले. अकराला मी उठून फिरायला लागलो. ती नुसती भीती नव्हती, ओळख होती. हे मी आधी बघितलंय, असं काहीतरी. साडेअकराला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर हिरवी टोपी, चष्म्यावर वाफ. त्या सरळ माझ्यापाशी आल्या, कारण उभा मी एकटाच होतो.

"बाळ छान आहे," त्या म्हणाल्या. "आईचा स्वतःचा श्वास अजून परत आलेला नाही. आम्ही देतोय श्वास. नाडी चांगली आहे, रक्तदाब चांगला आहे. तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही म्हणून सांगायला आले. आता एक विचारते, नीट आठवून सांगा. तुमच्या नात्यात ऑपरेशननंतर कुणी असं उठलं नाही, किंवा फार उशिरा उठलं, असं झालं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी जिन्यापर्यंत गेलो. तिथून परत आलो.

"झालं होतं," मी म्हणालो. "चुलतबहीण. गेली ती."

"सख्ख्या चुलत्याची?"

"हो."

त्या वळल्या आणि दार ढकलून आत गेल्या. दार पूर्ण मिटायच्या आधी मला आतलं दिसलं. बहीण टेबलावर सरळ झोपलेली. तिच्या डोक्याशी एक तरुण डॉक्टर उभा, आणि त्याच्या हातात काळ्या रबराची पिशवी. तो ती दाबत होता, सोडत होता, दाबत होता, आणि त्याबरोबर बहिणीची छाती वर येत होती, खाली जात होती. ती पिशवी मी बघितलेली होती. आमचा तो डॉक्टर माझ्या हातानं ओढला जात असताना जे सोडत नव्हता, ते हेच होतं.

त्यानंतरचे तीन तास मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. रस्त्यावर गेलो होतो, एका टपरीवर चहा सांगून न पिता परत आलो होतो. मेहुणा म्हणाला, "अण्णा, बसा की जरा." मी त्याच्यावर खेकसलो. दर पंधरा मिनिटांनी मी दाराच्या फटीशी कान लावत होतो. एकच विचार डोक्यात होता. आत कुणी थांबता कामा नये. हात दुखला, भूक लागली, कंटाळा आला, तरी थांबता कामा नये.

दोनच्या पुढं बहिणीची बोटं हलली. अडीचला तिनं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली, मुलीला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "अण्णा, मला सुरवातीला सगळं ऐकू येत हुतं. बाळ रडल्यालं ऐकलं. नर्स म्हणाली, हिच्या बांगड्या किती घट्ट हायती. मी बोट हलवाय बघत हुते, हलंना. मग झोप लागली."

डॉक्टरीणबाईंनी मागाहून सांगितलं, की काय झालंय ते लक्षात आल्याबरोबर त्यांनी झोपेचं औषध सुरू केलं होतं. त्याआधीची काही मिनिटं तिला जाग असणार.

बहीण बराच वेळ मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मग तिनं विचारलं, "तीबी ऐकत असंल काय रं?"

कोण ती, हे मी विचारलं नाही.

आमची रक्तं तपासायला बाहेर पाठवली गेली. तिचं, आईवडिलांचं, माझं. अहवाल आल्यावर बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं समजावून सांगितलं. भूल देताना घशात नळी घालायची असते, त्यासाठी स्नायू सैल करणारं एक औषध देतात. माणसाच्या रक्तातलं एक द्रव्य ते औषध पाच-दहा मिनिटांत मोडून टाकतं. माझ्या बहिणीच्या रक्तात ते द्रव्य जवळजवळ नाहीच. त्यामुळे औषध उतरायला कितीतरी तास लागतात, आणि तोवर छातीचे स्नायूही लुळे राहतात.

"दुसरा काही आजार नाही तिला," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन झालं नसतं तर म्हातारी होईपर्यंत कळलं नसतं. आणि हे बघा, तुमच्याही रक्तात ते नाही."

मला माझं काही वाटलं नाही. मी विचारलं, "तोवर कुणी श्वास देत राहिलं, तर?"

"तर माणूस उठतं."

"नक्की?"

"श्वास तुटला नाही, तर हो."

मी उठून खिडकीपाशी गेलो. त्यांना वाटलं मी स्वतःच्या अहवालानं घाबरलो. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारायला लागल्या. आम्ही कुठले, लग्नं कुणाकुणात होतात, मूळ गाव कोणतं. मी पाच बिऱ्हाडांची हकिकत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पाच बिऱ्हाडं म्हणजे माणसं किती? वीस-पंचवीस. त्यातल्या एकाकडे हा दोष असणार. त्याला स्वतःला काही त्रास नसेल, कारण त्रास व्हायला तो आईकडून आणि वडिलांकडून, असा दोन्हीकडून यावा लागतो. तो माणूस मोठ्या गावातच राहिला असता तर दोष हजारो माणसांत पांगला असता, दोघांची गाठ कधी पडलीच नसती. पण तो वीसजणांत आला. वीसजणांची साठ घरं झाली, आणि त्याच्याकडचं जे काही होतं ते सगळ्या घरांत थोडं थोडं गेलं. पुढे लग्नं त्याच घरांत. तुम्हाला नवराबायको लांबच्या नात्यातले वाटले तरी तुमच्यात लांबचं असं कुणी नाहीच."

"म्हणजे आमच्यात लग्नं केली म्हणून हा शाप," मी म्हणालो.

"शाप कसला? त्या पाचांत दुसरा कुणी आला असता तर दुसरं काही आलं असतं, किंवा काहीच नसतं आलं. सुरुवातीला कोण होतं, एवढाच योगायोग. लग्नं मोडायची गरज नाही. फक्त माहीत असायला पाहिजे. भूल देणाऱ्याला आधी सांगितलं की तो दुसरं औषध वापरतो. संपलं."

त्यांच्या दृष्टीनं संपलं होतं. मला त्या दिवसापासून एका जागी बसवेना. मी शाळेतून ड्रॉइंगचे मोठे कागद आणले, चिकटवले आणि साठ घरांची वंशावळ काढायला बसलो. दर रविवारी एका-दोघांकडे जायचो. जसजसं लिहीत गेलो तसतशा जुन्या गोष्टी बाहेर यायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, त्याच्या वडिलांचं तरुणपणी मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तेव्हा ते दिवसभर उठले नव्हते, आणि नवस बोलल्यावर उठले. एका घरातली सून खूप वर्षांपूर्वी टेबलावरच गेली होती, आणि त्याचं खापर तिनं मोडलेल्या सोमवारावर फोडलं गेलं होतं. प्रत्येक घराकडे आपापलं कारण होतं. ती सगळी कारणं माझ्या कागदावर येऊन पाच नावांपाशी थांबत होती.

रक्त द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. आमच्यातले एक वडीलधारे मला ओट्यावरच अडवून म्हणाले, "पोरींची लग्नं मोडायला निगालाईस व्हय?"

"कुठली मोडत्यात, आज्जा?" मी म्हणालो. "देणारं आपुन, घेणारंबी आपुनच."

ते मला शिव्या द्यायला लागले.

चिक्कप्पांनी तर मला दुकानाची पायरी चढू दिली नाही. "माज्या अंगाला सुई लावायची न्हाय," ते म्हणाले. "डाक्टरनं मारली माजी पोर. त्यात रगताचं काय हाय?"

मी त्यांना सांगू शकलो नाही. ते सांगण्याआधी मला त्या डॉक्टरला भेटायचं होतं.

तालुक्याच्या गावी त्यांचा जुना कंपाउंडर एका औषधाच्या दुकानात काम करत होता. त्यानं मला ओळखलं नाही, म्हणून सांगितलं, की डॉक्टर मलकापूरला असतात. शाळेला सुट्टी बघून मी रत्नागिरीकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. वाटेत दोनदा वाटलं की उतरावं. दवाखाना म्हणजे एका चाळीतल्या दोन खोल्या, बाहेर बाकडं, बाकड्यावर खोकणारी माणसं. आत एक टेबल, एक वजनकाटा. सर्जरीचं काहीही नव्हतं. मी आत गेलो. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी वर बघितलं आणि हातातलं पेन तसंच राहिलं.

"तुम्ही निळा शर्ट घातला होता," ते म्हणाले.

मला तो शर्ट आठवत नव्हता. मी बहिणीचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. बाहेर कुणीतरी खोकत होतं.

"किती तास लागले हिला?"

"पाच."

"मी दोन तास श्वास दिला होता," ते म्हणाले. मग बराच वेळ अहवालाशीच बोलल्यासारखे बोलत राहिले. "मला वाटायचं डोस जास्त गेला. तिचं वजन, औषधाचं माप, रोज मांडून बघायचो. बरोबर यायचं. मग वाटायचं, वजनच चुकीचं लिहिलं असेन. ऑपरेशन सोडलं मी. हात धजेना."

"मी ओढलं तेव्हा..." मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय विचारायचंय ते विचारा."

"नाडी होती?"

"होती."

छपरावरचा पंखा कुरकुरत होता. मी माफी मागायला आलो होतो, पण त्या एका शब्दानंतर माफी हा शब्द इतका लहान वाटला की तो तोंडातून निघेना. ते पुढे म्हणाले, "कुणीतरी बाहेर येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं. मी पिशवी सोडून येणार कसा? बायको घाबरली होती, तुमची एवढी माणसं बघून. तेवढं एक राहिलं. त्याचा विचार मीही करतो." मग त्यांनी अहवाल घडी करून माझ्या हातात दिला. "पेशंट थांबलेत," ते म्हणाले.

महिनाभर असाच गेला. वर्गात फळ्यावर अर्धं वाक्य लिहून विसरायचो. शेवटी एका दुपारी चिक्कप्पांच्या घरी गेलो. ते जेवून पान लावत बसले होते, चिक्कव्वा समोर वाती वळत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. औषध, रक्त, पिशवी, बहिणीचे पाच तास, मलकापूर. काही गाळलं नाही.

चिक्कप्पांनी पान खाली ठेवलं. "वढलंस तू त्याला," ते म्हणाले.

"व्हय."

"दार फोडा म्हणून मी म्हटलंतं."

"व्हय, चिक्कप्पा."

चिक्कव्वाची वात हातातच होती. ती म्हणाली, "म्हंजी ती जित्ती हुती म्हण की." ती कुणाला विचारत नव्हती. वाती तिथंच टाकून ती परसात गेली. मी वाट बघत राहिलो, पण ती मी असेपर्यंत आत आली नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी चिक्कप्पा माझ्या दारात उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल. "मलकापूरला जायाचं हाय," ते म्हणाले. मी शाळेत रजा कळवली. एसटीत ते खिडकीशी बसले. दवाखान्यापाशी मी आत जाऊन सांगतो म्हणालो, तर मला हातानं थांबवलं आणि बाकड्यावर शेवटी जाऊन बसले. सोळा माणसं पुढं होती. तीस-चाळीस माणसं घेऊन याच डॉक्टरांचा दवाखाना फोडणारा माणूस दीड तास नंबर येण्याची वाट बघत बसला. मी रस्त्यावर फेऱ्या मारत होतो.

नंबर आला तसे ते आत गेले. मी दारात. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

चिक्कप्पांनी उत्तर दिलं नाही. बाही कोपराच्या वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी वर बघितलं. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "ती तपासणी माझ्याकडे होत नाही," ते हळू म्हणाले. "कोल्हापूरला द्या."

"दुसऱ्या कुणाला देणार न्हाय," चिक्कप्पा म्हणाले. "तुमी घ्या."

डॉक्टर उठले. कपाटातून सुई काढली, दंडाला रबराची पट्टी बांधली, शीर चाचपली. चिक्कप्पांनी डोळे मिटले नाहीत. रक्त भरत होतं तेवढा वेळ दोघंही त्या बाटलीकडे बघत होते. मग डॉक्टरांनी कापूस लावला आणि स्वतःच्या अंगठ्यानं तो दाबून धरला. चिक्कप्पांना धरायला सांगितलं नाही. गरज होती त्याहून जास्त वेळ तो अंगठा तिथं होता.

शेजारच्या हॉटेलातून बर्फ घेऊन बाटली थर्मासमध्ये ठेवली आणि आम्ही परत निघालो. अहवालात जे यायचं तेच आलं. चिक्कप्पांच्या रक्तात एका बाजूचा दोष होता, आणि मागाहून चिक्कव्वानंही दिलं, तिच्यातही. त्यानंतर मला कुणाच्या ओट्यावर जाऊन समजवावं लागलं नाही. चिक्कप्पांनीच एकेकाला बोलावून घेतलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी तिथं असलो की ते बोलायचं थांबवत. दोन-तीन वर्षांत बहुतेक घरांनी रक्त दिलं. ज्यांच्यात दोन्ही बाजूंनी आलं होतं त्यांच्यासाठी मी 'हे औषध देऊ नये' असं लिहिलेली जाड कागदाची चिठ्ठी केली, डॉक्टरीणबाईंनी तपासून दिलेली, पाकिटात ठेवायला. त्यानंतर आमच्यातल्या तिघांची ऑपरेशनं झाली. तिघंही वेळेवर उठले. त्या तिन्ही वेळा मी दवाखान्यात होतो, आणि तिन्ही वेळा दारापाशी उभा होतो.

लग्नं अजूनही बरीचशी आमच्यातच होतात. बहिणीची मुलगी आता शाळेत जाते, भांडखोर आहे.

चिक्कप्पा दर दोन महिन्यांनी मलकापूरला जातात. कोल्हापुरात डॉक्टरांची कमतरता नाही, आणि त्यांचा रक्तदाब गावातला कुणीही मोजून देईल. पण पहाटेची एसटी धरतात, बाकड्यावर नंबरला बसतात आणि दुपारी परत येतात. मी बरोबर जात नाही. त्यांनी कधी बोलावलं नाही आणि मलाही धीर होत नाही. एकदा मी विचारलं, "काय बोलता वो तुमी दोघं?"

"काय बोलायचं?" ते म्हणाले. "हाताला पट्टा बांधतो. मोजतो. गोळ्या लिवून देतो."

"एवढंच?"

"एवढंच की," ते म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले.